प्रकाशाचा गज आणि त्याची पारख

आपल्याकडे गज, शेर आणि पायली हीं मापें चालत असत त्या काळीं बाजारांत जाणारें शहाणें गिऱ्हाईक माल पाहण्यापूर्वीं माप पाहत असे. गजाचें टोंक झिजलेलें नाहीं ना, पायलीचें बूड आंत दाबलेलें नाहीं ना, मापावर सरकारी शिक्का आहे ना, याची खात्री झाल्यावांचून तें पुढें बोलत नसे. दुकानदार प्रामाणिक असला तरी त्याच्या हातांतील माप प्रामाणिक असेलच असें नाहीं, हें त्याला अनुभवानें ठाऊक असे. आज ज्या विषयावर मी बोलणार आहें तो दिसावयास मोठा नवलाचा आहे. परंतु त्याच्या मुळाशीं हाच बाजारांतला प्रश्न आहे. येथें गज आहे प्रकाशाच्या लहरीचा, आणि मोजावयाचें आहे तें धातूच्या, लांकडाच्या किंवा रबराच्या पृष्ठभागाचें अतिसूक्ष्म वांकणें अथवा ताणलें जाणें. हें वांकणें माणसाच्या केंसाच्या जाडीच्या शंभराव्या-दोनशेव्या हिश्शाइतकें असूं शकतें. तें मोजण्याची एक पद्धति लेसरच्या प्रकाशांत दिसणाऱ्या ठिपक्यांवर उभारलेली आहे. ती कशी जन्मास आली, आणि तिनें दिलेला आंकडा खरा कीं खोटा हें ठरविण्यासाठीं शास्त्रज्ञांना काय काय करावें लागलें, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

आरंभ साबणाच्या फुग्यापासून करूं. फुग्यावर जे रंग खेळतात, किंवा पावसाळ्यांत ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर जीं रंगीत वलयें दिसतात, तीं कोणत्याहि रंगद्रव्याचीं नसतात. पातळ पापुद्र्याच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही पृष्ठांवरून प्रकाश परत फिरतो आणि परत फिरलेले हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळतात. दोहोंच्या लहरींचे उंचवटे एकत्र आले कीं प्रकाश वाढतो; एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर पडला कीं दोन प्रकाश मिळून अंधार होतो. या घटनेला व्यतिकरण असें नांव आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें थॉमस यंग यानें १८०१ सालापासून जीं व्याख्यानें दिलीं त्यांत हें तत्त्व मांडलें. न्यूटननें कांचेच्या दोन पृष्ठांमधील रंगीत वलयांचीं जीं मापें पूर्वीं घेऊन ठेवलीं होतीं, त्यांवरूनच यंगनें लहरींच्या लांबीचा हिशेब केला. एका इंचांत तांबड्या टोंकाच्या प्रकाशाच्या सुमारें ३८ हजार आणि जांभळ्या टोंकाच्या सुमारें ६० हजार लहरी मावतात, असें त्याच्या हिशेबांत निघालें. मनुष्याच्या हातीं एक असा गज आला कीं ज्यावरील खुणा निसर्गानेंच आंखून ठेवल्या होत्या.

या गजाचा उपयोग पृष्ठभागाचें हलणें मोजण्याकडे करणाऱ्या अगदीं पहिल्या लोकांत फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाची गणना करावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत त्यानें स्फटिकाचा लहानसा तुकडा धातूच्या तिवईवर ठेवला, त्याच्या वर थोडें अंतर ठेवून एक भिंग बसविलें, आणि सोडियमच्या पिवळ्या ज्योतीच्या प्रकाशांत त्या दोहोंमध्यें उमटणारीं वलयें पाहत तो तुकडा तापविला. उष्णतेनें स्फटिक फुगला, मधलें अंतर बदललें, आणि वलयें एकामागून एक सरकूं लागलीं. एक वलय सरकलें म्हणजे अंतर अर्ध्या लहरीनें बदललें, हा हिशेब. वलयें मोजतां मोजतां स्फटिकाचें फुगणें मोजलें गेलें.

यापुढचें पाऊल अमेरिकेंतील आल्बर्ट मायकेलसन यानें टाकलें. पॅरिसजवळच्या सेव्र येथें वजनांचें व मापांचें जें आंतरराष्ट्रीय कार्यालय आहे, तेथें प्लॅटिनम आणि इरिडियम यांच्या मिश्रधातूची एक दांडी जपून ठेवलेली होती, आणि तिच्यावरील दोन रेघांमधील अंतर म्हणजे मीटर असें १८८९ मध्यें राष्ट्रांनीं ठरविलें होतें. मायकेलसन १८९२ सालीं सेव्रला गेला आणि त्यानें त्या मीटरांत कॅडमियम धातूच्या तांबड्या प्रकाशाच्या किती लहरी मावतात हें मोजून काढलें. आंकडा आला १५,५३,१६३.५. पुढें १९०६ च्या सुमारास बेन्वा, फाब्री आणि पेरो या तिघांनीं निराळ्या रीतीनें तेंच माप पुन्हां घेतलें. त्यांचा आंकडा होता १५,५३,१६४.१३. साडेपंधरा लक्ष लहरींच्या मोजणींत दोन स्वतंत्र मोजण्यांमधील फरक एका लहरीहूनहि कमी निघाला. लहरीच्या गजावर सरकारी शिक्का बसला तो खरोखर या दोन मोजण्यांच्या मेळानें.

परंतु या साऱ्या वैभवाला एक मोठी मर्यादा होती. ज्या पृष्ठाचें माप घ्यावयाचें तें आरशासारखें गुळगुळीत पाहिजे असे. ओतीव लोखंडाचा ठोकळा, लांकडी फळी, मोटारीचें टायर, विमानाच्या पंखाचा पत्रा, या वस्तूंचे पृष्ठभाग लहरीच्या दृष्टीनें पाहिले तर सह्याद्रीच्या डोंगरांइतके उंचसखल असतात. साधा दिवा अनेक रंगांचा आणि अनेक दिशांनीं येणारा असा गोंधळलेला प्रकाश देतो. असा प्रकाश खडबडीत पृष्ठावर पडला कीं व्यतिकरणाच्या खुणा एकमेकींत पुसून जातात आणि डोळ्याला केवळ सपाट उजेड दिसतो. ज्या वस्तूंच्या वांकण्या-मोडण्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात, नेमक्या त्याच वस्तू प्रकाशाच्या गजाच्या कक्षेबाहेर राहिल्या.

हा गोंधळ सर्वस्वीं निरर्थक नाहीं, हें मात्र कांहीं जणांच्या लक्ष्यांत लवकर आलें होतें. श्वास सोडून धूसर केलेल्या कांचेंतून प्रकाशाकडे पाहिलें असतां त्याच्या भोंवतीं जें तेजोवलय दिसतें, त्यांत बारीक कणदार रेघा असतात, असें कार्ल एक्स्नर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें १८७७ सालीं नमूद केलें. एकाच सुराचीं, परंतु वाटेल त्या क्षणीं सुरू झालेलीं असंख्य कंपनें एकत्र मिळविलीं तर बेरीज काय होते, याचें गणित लॉर्ड रेले यानें १८८० मध्यें सोडविलें. माक्स फॉन लाउए यानें लायकोपोडियम नांवाच्या वनस्पतीची बारीक भुकटी पसरलेल्या कांचेंतून येणाऱ्या प्रकाशाचें छायाचित्र १९१४ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यांत तेच कण स्पष्ट उमटले होते. आणि १९४३ सालीं आपल्या बंगळूर येथें, चंद्रशेखर रामन यांचे शिष्य जी. एन्. रामचंद्रन यांनीं अशाच तेजोवलयांतील कमीजास्त प्रकाशाचा अभ्यास प्रसिद्ध केला. रामचंद्रन यांचें नांव पुढें प्रथिनांच्या रचनेच्या संशोधनानें जगभर झालें. या ठिपक्यांच्या इतिहासांत त्यांचा वांटा आहे ही गोष्ट मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

१९६० साल या कथेंत दोन कारणांनीं महत्त्वाचें आहे. त्या वर्षाच्या मे महिन्यांत अमेरिकेंत थिओडोर मेमन यानें माणकाच्या दांडींतून पहिला लेसर प्रकाश निर्माण केला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें धातूच्या दांडीस निवृत्त करून मीटरची व्याख्या क्रिप्टन-८६ या वायूच्या नारिंगी प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ लहरी अशी केली. लेसरच्या प्रकाशाचें वैशिष्ट्य एका उपमेनें सांगतों. जत्रेंतील गर्दीहि चालत असते आणि लेझमाचा ताफाहि चालत असतो; पण ताफ्यांतील प्रत्येकाचें पाऊल एकाच वेळीं पडतें. साध्या दिव्याच्या लहरी गर्दीसारख्या असतात, लेसरच्या लहरी ताफ्यासारख्या.

हा ताफा खडबडीत भिंतीवर आदळला कीं काय होतें? भिंतीवरील प्रत्येक उंचवट्यावरून आणि प्रत्येक खळग्यांतून लहर परत फिरते, पण प्रत्येकीला कमीजास्त अंतर चालावें लागल्यामुळें त्या निरनिराळ्या पावलावर डोळ्यांत पोहोंचतात. कोठें त्यांची बेरीज होते, कोठें वजाबाकी. परिणामीं भिंतीवरचा तांबडा उजेड एकसारखा न दिसतां लखलखत्या आणि काळ्या ठिपक्यांनीं भरलेला दिसतो. १९६२ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत रिग्डेन आणि व्हाइट यांनीं हेलियम-निऑन लेसरमधून डोळ्यांना दिसणारा अखंड तांबडा प्रकाश मिळविला. आणि त्याच वर्षीं रिग्डेन व गॉर्डन यांनीं या कणदारपणाचें वर्णन प्रसिद्ध केलें. या ठिपक्यांना इंग्रजी शब्दानें स्पेकल असें म्हणतात. त्यांची एक गंमत आहे. पाहणाऱ्यानें डोकें हळूच एका बाजूस नेलें तर ठिपकेहि सरकतात, आणि ज्याला दूरचें अंधुक दिसतें त्याला ते उलट दिशेनें सरकतांना दिसतात.

आरंभीं मात्र हे ठिपके सर्वांना नकोसे झाले होते. डेनिस गॅबोर याच्या १९४८ मधील कल्पनेवरून लेसरच्या साहाय्यानें होलोग्राफी, म्हणजे वस्तूचा तिन्ही परिमाणांचा प्रकाश साठवून ठेवणारी छायाचित्रकला, नुकतीच नांवारूपास आली होती, आणि तिच्या चित्रांवर हे ठिपके धुळीसारखे पसरत. ते घालवावे कसे, याच विवंचनेंत लोक होते. इतक्यांत १९६५ सालीं मिशिगन येथें पॉवेल आणि स्टेट्सन यांनीं दाखवून दिलें कीं, कंप पावणाऱ्या वस्तूचा होलोग्राम घेतला तर तिच्या पृष्ठावर काळे-पांढरे पट्टे उमटतात, आणि ते पट्टे कंपनाचें माप सांगतात. खडबडीत वस्तु अखेर प्रकाशाच्या गजाखालीं आली. तरीहि प्रत्येक वेळीं अंधारी खोली, बारीक कणांची छायाचित्रपट्टी, तिचें धुणें व वाळविणें हा खटाटोप होताच.

ठिपक्यांना शत्रुपक्षांतून मित्रपक्षांत आणण्याचें काम इंग्लंडांतील लफबरो येथील विद्यापीठांत झालें. तेथील लेंडर्ट्झ यानें १९७० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ठिपक्यांचाच मापाकडे उपयोग करण्याची रीत मांडली. आपल्या घरांतील रांगोळीच्या उलट हा प्रकार आहे. रांगोळींत ठिपके मोजून मांडतात आणि ते जोडून आकृति काढतात. येथें ठिपके यदृच्छेनें पडलेले असतात आणि एका चित्रांत कोणतीहि आकृति नसते. पण वस्तु वांकण्यापूर्वींचें एक चित्र आणि वांकल्यानंतरचें दुसरें चित्र घेऊन एकांतून दुसरें वजा केलें कीं आकृति प्रकट होते. वस्तूवरून येणाऱ्या प्रकाशांत दुसरा एक स्थिर प्रकाश मिसळलेला असतो. जेथें पृष्ठ मुळींच हललें नाहीं, किंवा इतकें हललें कीं प्रकाशाची वाट बरोबर एक, दोन किंवा तीन पूर्ण लहरींनीं बदलली, तेथें ठिपके जसेच्या तसे राहतात आणि वजाबाकी शून्य येते. तेथें काळा पट्टा पडतो. जेथें अर्ध्या लहरीचा फरक आहे तेथें ठिपके पालटतात आणि उजळ पट्टा पडतो. डोंगरांच्या नकाशावर समान उंचीच्या रेषा असतात, तसे हे समान हालचालीचे पट्टे होत. १९७१ मध्यें बटर्स आणि लेंडर्ट्झ यांनीं छायाचित्रपट्टीच्या जागीं दूरचित्रवाणीचा कॅमेरा बसविला. अमेरिकेंत मकॉव्स्की व त्याचे सहकारी त्याच वर्षीं त्याच वाटेनें चालले होते. आतां पट्टे तत्क्षणीं पडद्यावर नाचूं लागले.

येथेंच खरी अडचण सुरू होते. पडद्यावरचे पट्टे इतके सुरेख असतात कीं ते पाहतांच मनाची खात्री पटते. परंतु एका पट्ट्याची किंमत किती? हा प्रश्न पुसल्यावांचून पट्टे मोजणें म्हणजे शिक्का न पाहतां पायलीनें धान्य घेण्यासारखें आहे. पृष्ठ समोरच्या दिशेनें हलत असेल आणि प्रकाश सरळ समोरून टाकून समोरूनच पाहत असूं, तर एक पट्टा म्हणजे अर्धी लहर. हेलियम-निऑन लेसरची लहर हवेंत ०.६३२८ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या दोन तृतीयांशाहून थोडी कमी, असते. तेव्हां पट्ट्याची किंमत ०.३१६४ मायक्रोमीटर झाली. पण पृष्ठाचें स्वतःच्या प्रतलांतील ताणलें जाणें मोजावयाचें असेल तर दोन बाजूंनीं समान कोनांत तिरपे दोन किरण टाकावे लागतात, आणि मग पट्ट्याची किंमत त्या कोनावर अवलंबून राहते. दोन्ही किरण ४५ अंशांनीं तिरपे असतील तर एक पट्टा ०.४४७५ मायक्रोमीटरचा. ते ४५ समजून आपण ४४ अंशांवर बसविले असतील तर खरी किंमत ०.४५५५. एका अंशाच्या चुकीनें आंकड्यांत शेंकडा पावणेदोनची खोट आली. यांत लेसरचा कांहींहि दोष नाहीं. साध्या हेलियम-निऑन लेसरच्या लहरीची लांबी दशलक्षांत थोड्याशाच भागांइतक्या फरकानें निश्चित असते. गज उत्तम आहे. तो तिरपा धरला गेला, एवढेंच.

दुसरा दोष अधिक लपून बसणारा आहे. लेसरचा किरण भिंगानें पसरवून वस्तूवर टाकतात, त्यामुळें वस्तूच्या निरनिराळ्या भागांवर तो निरनिराळ्या कोनांत पडतो. समजा, दोन्ही दिवे वीस सेंटिमीटर रुंद पत्र्याच्या मध्यापासून एक मीटर दूर, ४५ अंशांवर आहेत. पत्र्याच्या कडेशीं जाऊन पाहिलें तर एका दिव्याचा कोन सुमारें ४१ अंश आणि दुसऱ्याचा सुमारें ४९ अंश भरतो. मध्यभागीं हें यंत्र केवळ प्रतलांतील सरकणें पाहतें. कडेला मात्र पत्रा समोर आला तरी त्या हालचालीचा सुमारें चौदावा हिस्सा प्रतलांतील सरकणें म्हणून नोंदला जातो. वांकणाऱ्या वस्तूचें समोर येणें हें ताणाच्या सरकण्याहून पुष्कळ पटींनीं मोठें असूं शकतें. मग चौदावा हिस्सादेखील खऱ्या आंकड्याला गिळून टाकतो. म्हणून काळजीपूर्वक काम करणारा प्रयोगकर्ता प्रत्येक बिंदूसाठीं कोनाचा वेगळा हिशेब मांडतो, किंवा मोठीं भिंगें वापरून किरण समांतर करून घेतो.

तिसरी अडचण दिशेची. नुसत्या वजाबाकीच्या चित्रावरून पृष्ठ पुढें आलें कीं मागें गेलें हें कळत नाहीं. टेंकडी आणि खड्डा यांचे पट्टे सारखेच असतात. यावर उपाय म्हणून स्थिर किरणाच्या वाटेंत एक लहानसा आरसा ठेवतात आणि विजेच्या दाबानें आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या स्फटिकाच्या साहाय्यानें तो पायरीपायरीनें हलवितात. प्रत्येक पायरी पाव लहरीची हवी असेल तर आरसा ०.०७९ मायक्रोमीटर सरकला पाहिजे, कारण आरशाकडे जातांना व येतांना अशी प्रकाशाची वाट दुपटीनें बदलते. पण हा स्फटिक विजेच्या बरोबर सम प्रमाणांत हलत नाहीं; चढतांना एक वाट व उतरतांना दुसरी, असें त्याचें वागणें. पायरी चुकली कीं सारा हिशेब चुकला. या ठिकाणीं कथेंत सेव्रचें तें जुनें कार्यालय पुन्हां येतें. तेथील कारे यानें १९६६ सालीं लांबी मोजण्याच्या यंत्रासाठीं एक गणिती युक्ति प्रसिद्ध केली होती: चार वाचनें घ्यावीं, पायऱ्या एकमेकींसारख्या ठेवाव्या, मग पायरी नेमकी केवढी आहे हें आधीं ठाऊक नसलें तरी चालतें. १९८५ च्या सुमारास पायऱ्यांची रीत ठिपक्यांच्या चित्रांना लावण्यांत येऊं लागली. मायकेलसन ज्या कार्यालयांत लहरी मोजावयास गेला, त्याच कार्यालयांतील ही युक्ति सुमारें नव्वद वर्षांनंतर टायर आणि पत्रे तपासणाऱ्यांच्या उपयोगीं पडली.

इतकें झाल्यावरहि यंत्राची अखेरची परीक्षा राहतेच. त्याला अशी वस्तु दाखवावी लागते कीं जिचें हलणें आपणांस अगोदरच ठाऊक आहे. सर्वांत साधी परीक्षा म्हणजे एक सपाट पत्रा सूक्ष्ममापी स्क्रूनें किंचित् तिरपा करणें. एक कड दुसरीच्या मानानें ३.१६४ मायक्रोमीटर पुढें आली तर समोरून पाहणाऱ्या यंत्रानें सरळ व समान अंतराचे बरोबर दहा पट्टे दाखविले पाहिजेत. पट्टे वांकडे आले किंवा एका बाजूस दाटले तर प्रकाशाच्या रचनेंत कोठेंतरी खोट आहे. प्रतलांतील मोजणीसाठीं तोच पत्रा स्वतःच्या प्रतलांत किंचित् फिरवितात. तेव्हांहि सरळ समांतर पट्टे आले पाहिजेत. पुढची परीक्षा म्हणजे कड घट्ट आंवळलेली एक गोल तबकडी मधोमध दाबणें; तिच्या वांकण्याचें गणित स्थितिस्थापकतेच्या शास्त्रांत पूर्वींच सुटलेलें आहे. पट्टे वर्तुळाकार न येतां लांबट आले तर पुष्कळदां तबकडीची कड एका बाजूस सैल असते, आणि यंत्राची परीक्षा घेतांना परीक्षेच्या वस्तूचीच परीक्षा होऊन जाते.

या शेवटच्या गोष्टींतून एक मोठा प्रश्न निघाला. प्रत्येक प्रयोगशाळा आपापली तबकडी आणि आपापला पत्रा वापरूं लागली तर त्यांचे निकाल एकमेकांशीं ताडून पाहावयाचे कसे? या शतकाच्या आरंभीं युरोपांतील विद्यापीठें, मापनसंस्था आणि विमानांचे कारखाने यांनीं एकत्र येऊन या प्रश्नावर एक संयुक्त प्रकल्प हातीं घेतला. त्यांतून चार ठिकाणीं दाबून वांकविली जाणारी एक तुळई परीक्षेची वस्तु म्हणून पुढें आली. तुळई आणि तिचा सांगाडा धातूच्या एकाच ठोकळ्यांतून कोरून काढलेले असतात. कारण उघड आहे: निरनिराळे भाग जोडले तर सांध्यांत सरकणें आणि घांसणें आलें, आणि ठाऊक असलेलें वांकणें ठाऊक राहत नाहीं. अशा तुळईच्या मधल्या भागांत एका कडेला ताण, दुसऱ्या कडेला दाब, आणि मधोमध एक उदासीन रेषा असते, व त्यांच्या मधली वाढ एकसारखी असते. तुळईचें वांकणें मीटरच्या प्रमाणाशीं जोडलेल्या मोजपट्टीनें मोजतात. ताण म्हणजे लांबीला लांबीनें भागून येणारा आंकडा. तेव्हां भागावयाची लांबीहि खरी पाहिजे. कॅमेऱ्याच्या चित्रांत एक सेंटिमीटर म्हणून धरलेलें अंतर शेंकडा एकानें चुकलें तर ताणहि शेंकडा एकानें चुकतो. म्हणून वस्तूवर आंखीव जाळी ठेवून कॅमेऱ्याचीहि पारख करावी लागते.

या खटाटोपाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. लेंडर्ट्झ आणि बटर्स यांनींच १९७३ मध्यें ठिपक्यांच्या पद्धतीचा एक दणकट प्रकार मांडला. त्यांत वस्तूचें चित्र स्वतःवरच किंचित् सरकवून टाकतात, आणि त्यामुळें हालचालीऐवजीं उतार मोजला जातो. हा प्रकार कारखान्यांतील धक्के व थरथर सोसतो. अमेरिकेंत हुंग या संशोधकानें पुढें त्याचा विस्तार केला, आणि टायरांच्या थरांमधील पोकळ्या व विमानांच्या थरदार पत्र्यांतील सुटलेले सांधे शोधण्याकडे त्याचा उपयोग होऊं लागला. आपल्या देशांतहि मद्रासच्या तंत्रविज्ञान संस्थेंत सिरोही यांनीं या विषयाचें अध्ययन वाढविलें; त्यांनीं संपादिलेला या मापनशास्त्रावरील ग्रंथ १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. विमानाच्या पत्र्यांत सांधा सुटला आहे कीं नाहीं, याचें उत्तर ज्या चित्रावरून द्यावयाचें, त्या चित्रांतील पट्टा किती किंमतीचा आहे हें कोणीतरी बसून तपासलेलें असावें लागतें. तें तपासणाऱ्याचें नांव बहुधा कोणाला ठाऊक नसतें, आणि त्याचें काम चोख झालें म्हणजे कांहींहि घडत नाहीं. विमान उतरतें, माणसें घरीं जातात.

१९८३ पासून मीटरची व्याख्या पुन्हां बदलली. प्रकाश निर्वातांत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या हिश्शांत जें अंतर तोडतो तो आतां मीटर. त्या मीटरावरून लेसरची लहर ठरते, लहरीवरून पट्ट्याची किंमत, पट्ट्यावरून पत्र्याचें वांकणें. साखळी सलग आहे, परंतु तिच्या प्रत्येक कडीला दरवेळीं हात लावून पाहावें लागतें. यंत्र एका मेजावरून दुसऱ्या मेजावर हलविलें तरी कोन बदलतात आणि पारख नव्यानें करावी लागते. यंत्र जुनें झालें, प्रयोगकर्ता अनुभवी झाला, म्हणून या कामांतून सुटका होत नाहीं.

श्रोतेहो, हल्लीं सभागृहांत फळ्यावर दाखविण्यासाठीं बोटाएवढी लेसरची कांडी वापरतात. ती कधीं हातीं आली तर तिचा किरण कोणाच्याहि डोळ्यांवर न टाकतां खडबडीत भिंतीवर टाकून दुरून पाहावा. तांबड्या उजेडांत बारीक ठिपक्यांची गर्दी दिसेल. एक्स्नर, लाउए आणि रामचंद्रन यांनीं निरनिराळ्या देशांत पाहिलेली घटना ती हीच, आणि प्रत्येक पट्ट्याची किंमत ठरवून लफबरोच्या लोकांनीं जिचा गज केला तीहि हीच.